स्लॅबखालची झोप

पाहुण्या मुलींच्या आणि वसतिगृहातल्या मुलींच्याही गाद्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलेल्या पाहिल्या तेव्हा रजियाला वाटलं, शिपायाने काहीतरी घोळ घातलाय. मे महिना, त्यात लातूरची दुपार. पत्रा असा तापला होता की दारात उभं राहिलं तरी कपाळ भाजावं. ती तशीच वसतिगृहाच्या हॉलकडे वळली. हॉलमध्ये बाकं लागली होती, भिंतीवर नवाकोरा फळा. दाराच्या वर देणगीदारांनी बसवलेली जी कोरलेली फरशी होती, तिच्यावर कापडी फलक ठोकला होता : बारावी, सुट्टीची तुकडी, प्रवेश मर्यादित.

मुलींच्या या खासगी शाळेत रजिया विज्ञान शिकवायची आणि वसतिगृहही सांभाळायची. जानेवारीत कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा तिथल्या एका मुलींच्या शाळेला तिनेच पत्र घातलं होतं. मेमध्ये तुमच्या मुली आमच्याकडे शिबिराला पाठवा, दिवाळीत आमच्या तुमच्याकडे येतील. आमच्या मुलीही यातून गेल्यात. पुन्हा छताखाली झोपायला कशा शिकल्या, ते त्याच सांगतील.

ती तडक सचिवांच्या खोलीत गेली. व्यंकटराव पंख्याखाली टरबूज खात बसले होते.

"सर, हॉल कोचिंगवाल्यांना दिलात?"

"दोन महिन्याचा तर प्रश्न हाय मॅडम. शाळा काय हवेवर चालती का? तुमचा पगार कुठून येतो?"

"हॉल मुलींचा आहे. देणगीदारांनी त्यांच्यासाठी बांधून दिलाय."

"आवो, भूकंपाच्या पोरी त्या. स्लॅब बघितला की थरथरतेत. पत्र्याखालीच सुखानं झोपतेत, मी काय आज बघायलोय का?" त्यांनी एक बी ताटात थुंकली. "आन् तुमची कायम करायची फाईल माझ्या टेबलावर हाय, एवढं ध्यानात असू द्या."

रजियाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खोटं बोलणारा माणूस एकवेळ परवडतो. हा तर पोरींच्या भीतीचंच भाडं खात होता!

कारण भीती खरी होती. वसतिगृहातली पुनम सात वर्षांची असताना किल्लारीकडच्या एका गावात दगडी माळवदाखालून जिवंत निघाली होती; घरातलं दुसरं कुणी निघालं नाही. वसतिगृहात आली तेव्हा ती अंगणात झोपायची, पावसात ओसरीच्या कडेला. रजियाने तिला कॉलम दाखवले, बीम दाखवले, आतली सळई काय काम करते ते काड्या बांधून समजावलं. मग स्वतःची गादी तिच्या शेजारी दाराशी टाकली, आणि महिन्या-महिन्याने दोघी एकेक हात आत सरकल्या. पुनम उशाशी एक पेला उपडा ठेवायची, त्यावर दुसरा उपडा. तिच्या गावाकडची ती रीत होती : जमीन हलली की पेला पडतो, झोपलेलं माणूस उठतं. हॉलच्या मध्यावर पोचायला तिला तीन वर्षं लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कच्छच्या मुली बसने आल्या. जेवणं उरकून शेडमध्ये जेमतेम आडव्या झाल्या, तोच वावटळ उठली आणि पत्रा धडाधडा वाजू लागला. मुली किंचाळत बाहेर पळाल्या. हंसा नावाची सगळ्यात लहान पोर अंगणात पालथी पडून माती मुठीत धरून राहिली.

व्यंकटराव आणि मुलींसोबत आलेल्या बाई आवाज ऐकून धावत आल्या.

"बघितलं?" व्यंकटराव त्या बाईंना हिंदीत समजावू लागले, "पत्र्याला एवढ्या भ्यायल्या, तर स्लॅबखाली काय होईल यांचं?"

"सर," पुनम पुढे आली. तिच्या हातात दोन पेले होते. "आमच्याकडं भूकंप झाला त्या रात्री असाच आवाज आल्ता. पत्र्याखाली माझा पेला ठरतच न्हाई. कालधरनं चारदा पडला. तिकडं स्लॅबखाली कधीच पडला न्हाई."

"तुला कुणी विचारलं गं?"

"कुणीच न्हाई विचारलं," पुनम म्हणाली. "म्हून तर सांगायले."

रजियाने हंसाला उचललं आणि दुसऱ्या हाताने एक गादी काखेत मारली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. सगळ्या पोरी, इकडच्या आणि तिकडच्या, गाद्या ओढत निघाल्या. सकाळची तुकडी सुटली होती, हॉल रिकामा होता. बाकं भिंतीला लागली. पुनमने मधोमध फरशीवर पेल्यावर पेला ठेवला आणि हंसाला त्याच्याकडे बघायला खुणावलं. बाकी भाषेची गरज पडली नाही.

चारच्या तुकडीची पोरं दाराशी जमली, तेव्हा कोचिंगचे सर गोंधळून व्यंकटरावांकडे बघू लागले. "भाऊ, हॉल सुट्टीत रिकामाच असतो म्हणला होता तुम्ही."

"मॅडम, बाहेर काढा ह्यांना," व्यंकटराव गरजले.

रजिया बाहेर आली. तिने बाकावर चढून फलकाचे खिळे उपसले. कापड खाली पडलं आणि मागची कोरलेली फरशी उघडी झाली. कच्छच्या बाई अक्षरं जुळवत मोठ्याने वाचू लागल्या, "भूकंपग्रस्त... मुलींच्या... निवासासाठी." वाचून झाल्यावर त्यांनी व्यंकटरावांकडे पाहिलं. दाराशी उभी पोरंही पाहू लागली. एकाने चपला घालायला सुरुवात केली.

"आगाऊ पैसे घेतलेत मी," व्यंकटराव हळू आवाजात म्हणाले.

"मग परत करा."

"तुमची फाईल..."

"ती ठेवा टेबलावर. टरबुजाच्या बिया थुंकायला कामी येईल."

"काय बोलायलात तुम्ही! सस्पेंड करतो!" त्यांचा आवाज चढला, कोचिंगचे सरही हिशोबाचं काही ओरडू लागले.

तेवढ्यात पुनम दारात आली. तोंडावर बोट.

"हळू बोला सर," ती म्हणाली. "पोरगी झोपली हाय."