बोटभर उंच

मी एक जुनी पायरी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातला एकही पाय मला आवडत नाही.

शिंप्याच्या दुकानाला आम्ही चार पायऱ्या. खालच्या तिघी एका मापाच्या. मी सगळ्यात वरची. माझा दगड बोटभर जास्त जाड निघाला आणि तो तासायचं गवंड्याच्या जिवावर आलं. "बोटभराने काय होतंय?" असं म्हणून त्याने मला बसवलं, हात धुतले आणि चालता झाला.

काय होतंय ते ऐका. माणूस पायऱ्या बघून चढतच नाही. पहिल्या तिघींवर पाय माप घेतो आणि चौथीवर डोळे झाकून विश्वास टाकतो. तिथे मी! बुटाचं टोक माझ्या कडेला अडकतं आणि गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून असं आत शिरतं, जणू शिंप्याला मिठी मारायलाच आलंय.

तुम्हाला वाटेल, लोकांनी मला शिव्या घातल्या असतील. छे हो! माझं कोण कौतुक! शेजारचा घड्याळवाला तर स्वतःचं दुकान सोडून शिंप्याच्या बाकावर येऊन बसायचा.

"आला, आला! साहेब आलाय, इस्त्री बघ कशी कडक!"

"फोनवर बोलतोय रे. हा सरळ मशीनवरच येणार."

"गेला!"

मग एक क्षण शांतता. लागलं का, एवढं बघण्यापुरती. रक्त नाही, म्हणजे हसायला मोकळे. त्यातही साहेब जितका ताठ, तितका हशा मोठा. थकलाभागला हमाल अडखळला तर नुसतं फिस्स. आणि पडलेला माणूस काय करायचा? उठायचा, गुडघा झटकायचा, मीच तंगडी घातल्यासारखा माझ्याकडे बघायचा आणि बाकावर टेकायचा. पुढचा पडेपर्यंत हलायचा नाही! आपली फजिती झाली ना, मग ती दुसऱ्याच्या अंगावर ढकलल्याशिवाय घरी कसं जायचं? तुमची जातच तशी.

शिंप्याला एक मोठी बहीण होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. एकदा तिच्या घरी चार पाहुण्यांत भाऊजींची खुर्ची मोडली. भाऊजी आडवे, पाय वर. सगळे उचलायला धावले आणि हा पठ्ठ्या ठसका लागेपर्यंत हसला. ताईने त्याला दार दाखवलं आणि बोलणं टाकलं. कित्येक वर्षं. बाकावर बसून हा किस्सा तो रंगवून सांगायचा, पण सांगून झाल्यावर उगीचच दोरा ओवत बसायचा.

एका सकाळी फोन आला. ऐकता ऐकता मशीनवरचा त्याचा पाय थांबला.

"ताई येतेय," तो घड्याळवाल्याला म्हणाला. "दुपारी. म्हणाली, एकदाच येते, माणूस झालायस का बघायला."

"आणि ही पायरी?"

"मी खाली उभा राहतो ना. हात धरून वर आणतो. लहानपणी ती मला आणायची तसं."

मग काय धांदल! चिंध्या झाडल्या, आरसा पुसला, घड्याळवाल्याला त्याच्या दुकानात पिटाळलं. ताईसाठी निळं जाकीट कधीचंच शिवून तयार होतं. ते इस्त्री करायला शिंपी दाराकडे पाठ करून उभा राहिला. कॉलर काही केल्या बसेना.

आणि ताई लवकर आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा. पहिली, दुसरी, तिसरी. मग मी.

धप्प! डबा घरंगळत मशीनखाली.

"हॅ हॅ हॅ! पडलं वाटतं कुणीतरी!" शिंपी पाठमोराच खो खो हसला आणि मग वळला.

ताई दोन्ही हातांवर टेकलेली. लागलं काहीच नव्हतं. ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

"वळून बघितलंसुद्धा नाहीस रे. आधी हसलास."

"ताई... मला वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे."

"असणारच. तुझ्यासाठी पडणारा नेहमी दुसराच असतो."

ती उठली, साडी झटकली आणि उतरली. मशीनखालचा डबा राहिला तो राहिलाच. मागे इस्त्रीखाली निळी कॉलर जळत होती.

दुसऱ्या दिवशी शिंप्याने गवंड्याला बोलावलं. तोच गवंडी, आता केस पिकलेला. "तास हिला! मुळापासून तास!" शिंपी माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होता, जणू कालचं हसू माझ्याच तोंडातून निघालं होतं. छिन्नी-हातोडा घेऊन गवंडी चढला. पहिली, दुसरी, तिसरी...

हो, मित्रांनो. आपल्याच बोटभरावर तो आपटला. छिन्नी एकीकडे, टोपी दुसरीकडे.

शिंप्याने झटकन तोंडावर हात दाबला. डोळ्यांत पाणी आलं, खांदे गदगदा हलू लागले. आणि शेवटी बोटांच्या फटीतून निघालंच, "हॅ!"

मला सरळ करायला एक दुपार पुरली. आता माझ्यावर कुणी पडत नाही. तेव्हा पायऱ्यांची काळजी घ्या, मित्रांनो, एवढंच सांगणं. पण पायऱ्या तासून सरळ होतात. मशीनखालून काढलेला ताईचा डबा अजून शिंप्याच्या फळीवर आहे, आणि तिचा फोन काही लागत नाही.

आणि मघाशी गवंडी आपटला तेव्हा तुमचे दात दिसले हं मला.