मे महिन्यातल्या गोधड्या

त्या वर्षी बालाघाटात पाखरंसुद्धा दुपारी नाल्यांतली ओल धरून बसत आणि बैहरकडचं जंगल महिनाभर जळत होतं. अंगावर साधी चादर सोसवेना. अशा दिवसांत अनुसयेचा नवरा खेमराज बैहरला जाताना गोधडी मागायचा! तीही जाड, जुन्या सुती लुगड्यांची.

खेमराज तिथल्या जंगल ऑफिसात कारकून. पंधरा दिवसांनी घरी येई. अनुसयेचे वडील वनरक्षक होते आणि आगीतच गेले होते. म्हणून तिने लग्नानंतर खेमराजकडून गळ्याची शपथ घेतली होती, की खुर्ची सोडायची नाही, वणव्याच्या वाटेला जायचं नाही. त्या बाबतीत तिला काळजी नव्हती. काळजी गोधड्यांची होती, कारण होळीनंतर दोन गेल्या आणि एकही परत आली नाही.

"कोनाले देल्ली जी?" पहिलीच्या वेळी तिने विचारलं होतं.

"चौकीदाराले. गरीब मानूस हाय."

"अन् ही दुसरी?"

"दुसऱ्या चौकीदाराले," खेमराज म्हणाला आणि चपला शोधू लागला.

एवढ्याशा ऑफिसाला चौकीदार तरी किती? त्यात तो कपडे धुऊन आणू लागला. लग्नापासून ज्याने स्वतःचा रुमाल पिळला नाही, त्याच्या सदऱ्याला आता साबणाचा वास! शेजारच्या गोदाबाईला एवढं पुष्कळ झालं.

"दुसरं घर मांडलं वं त्यानं," ती म्हणाली. "तू शिवत बैस, थे पांघरत बसन."

गोदाबाई तिखटमीठ लावणारी, हे सगळ्या आळीला माहीत होतं. तरी अनुसयेच्या मनात ते जाऊन बसलं ते बसलंच. रागाने तिला जेवण गोड लागेना.

तिसरी गोधडी तिने मन लावून शिवली. वर सुती लुगडं, टाके नेहमीसारखे बारीक. आत मात्र जाऊबाईंनी टाकून दिलेल्या नायलॉनच्या साड्या भरल्या. पांघर म्हणावं सटवे, अंगभर घामोळ्या येऊ दे! शेवटचा कोपरा शिवताना आत चिमूटभर तांदूळ ठेवायचे, गोधडीला उपाशी ठेवू नये, असं आईने शिकवलं होतं. या वेळी तांदूळही ठेवले नाहीत. खेमराजने गोधडी बगलेत मारली आणि खुशीत बस पकडली.

तो आठव्या दिवशीच परतला, भर दुपारी. दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या होत्या.

"काय झालं जी?" अनुसया किंचाळलीच.

"आता काय लपवू?" तो भिंतीला टेकून बसला. "वणवा विझवाले मानसं कमी पडून राह्यले होते. साहेब म्हने, सगळे चला. गोधड्या भिजवून आगीवर झोडपत होतो. धुराचा वास तुले येऊ नये म्हनून कपडे तिकडंच धुवून आणो. पहिल्या दोन गोधड्या बादली बादली पानी पेत, जळून खाक होईपर्यंत साथ देल्ली त्यायनं. ही तिसरी पानीच नाही पेली. आग लागल्याबरोबर वितळली अन् हाताले चिकटली. काहून असन वं?"

अनुसयेला तोंड कुठे लपवू असं झालं. तिने वरणभात कालवला आणि त्याला भरवू लागली. तिसऱ्या घासाला तिच्याने राहवेना.

"मीच नायलॉन भरलं होतं आत. मले वाटलं, तुमी कोनी बाई ठेवली. तिले घामोळ्या याव्या म्हनून."

खेमराजने घास गिळला. त्याने आपल्या पट्ट्यांकडे बघितलं.

"मले विचाराचं होतं ना," तो म्हणाला.

"दोनदा विचारलं," अनुसया हुंदके देत म्हणाली. "तुमी दोन चौकीदार सांगतले."