भिवराबाईची रस्ता केस

सुग्रीव ओव्हाळच्या तोंडावर शाई फेकली ती दलित चळवळीतल्याच पोरांनी. बीडमध्ये, भर पत्रकार परिषदेत. शाई निळी होती, चळवळीच्या झेंड्याच्या रंगाची, आणि त्याच्या बायकोला, सत्यशीलाला, सगळ्यात जास्त संताप त्याचाच आला. काळी तरी आणायची होती, असं ती शर्ट भिजत घालताना पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सुग्रीव पंधरा वर्षं एक साप्ताहिक चालवत होता. ज्या आठवड्यात पाटलांविरुद्ध छापून यायचं, त्या आठवड्यात तो वस्तीचा वाघ असायचा. आपल्याच पुढाऱ्याचं नाव आलं की तोच सुपारीबाज. सत्यशीला एसटीत कंडक्टर होती. माजलगावच्या गाडीत तिकीट घेताना लोक विचारायचे, आज साहेबांनी कुणाला धुतलं? ती तिकीट फाडून पुढच्या सीटकडं वळायची.

या वेळचं भांडण केज तालुक्यातल्या एका गावावरून पेटलं होतं. तिथं दलित वस्तीच्या स्मशानाकडं जाणारी वाट अर्जुनरावांच्या शेताच्या कडेनं जायची. अर्जुनरावांनी तारेचं कुंपण घालून ती बंद केली. भर पावसाळ्यात भिवराबाईचा नवरा रामहरी वारला, तेव्हा तिरडी कमरेएवढ्या पाण्यातून, ओढ्यातून न्यावी लागली. एका खांदेकऱ्याचा पाय घसरला आणि तिरडी पाण्यात कलली. सुग्रीवनं ते सगळं साप्ताहिकात छापलं, आणि जिल्हाभर ओरड झाली.

मग चळवळीतल्या संघटनेचे जिल्हाध्यक्ष विश्वंभर सिरसट गावात आले. अर्जुनरावांच्या ओसरीवर बैठक झाली. वस्तीनं ओढ्याच्या काठानं जायचं आणि तक्रार करायची नाही, असं ठरलं. निघताना सिरसटांनी अर्जुनरावांना शाल घातली. भिवराबाईला कुणी बोलावलंच नव्हतं. सुग्रीवनं शालीचा फोटो पहिल्या पानावर छापला आणि सत्कार कशाचा, असं विचारलं. त्याचं उत्तर म्हणून शाई आली.

त्यानंतर फोन थांबेनात. वाटेबद्दल एक ओळ न छापलेल्या मोठ्या पेपरांना आता चळवळीतल्या भांडणाची बातमी हवी होती. अर्जुनरावांचा पुतण्या अमरसिंह निवडणुकीच्या तयारीत होता. तुमच्यासारखा निर्भीड माणूस आमच्या स्टेजवर पाहिजे, असं त्यानं कळवलं. सुग्रीवनं त्याला झापलं. सिरसटांनी पत्रक काढलं, यानं पत्रकाला उत्तर दिलं, त्यांनी उत्तराला उत्तर दिलं. मी चळवळीच्या विरोधात नाही, हे वाक्य तो दिवसभर कुणाला ना कुणाला ऐकवत राहायचा. शेवटी त्याचा घसा बसला.

अशात एका रविवारी भिवराबाई बीडला आली. सत्यशीलाला सुट्टी होती. सुग्रीवनं उत्साहानं शाईनंतर निघालेले सगळे अंक तिच्यापुढं ठेवले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून सत्यशीलानं वाचून दाखवले. चहा गार होईपर्यंत भिवराबाई ऐकत राहिली.

“ह्याच्यात माजी वाट कुटं हाय?” तिनं विचारलं.

सुग्रीव चिडला. सिरसटांसारख्यांना उघडं पाडल्याशिवाय वाट कशी मिळणार नाही, हे त्यानं तिला बराच वेळ समजावून सांगितलं. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, “तुमचं बरूबर हाय, भाऊ. पन माजी जाऊ लई आजारी हाय. ती गेली तर कुटून न्यायची, तेवढं सांगा.”

तो तणतणत अंगणात गेला. सत्यशीला मागोमाग गेली आणि एवढंच म्हणाली, “शाई तुमच्या तोंडावर पडली, तिरडी तिच्या नवऱ्याची कलली. आता कशाचं लिवायचं ते तुमीच बघा.”

दुसऱ्या दिवशी तो भिवराबाईला घेऊन केजच्या तहसीलला गेला आणि वाट खुली करून मिळावी म्हणून रस्ता केस दाखल केली. तिनं एकच अट घातली. निकाल लागेपर्यंत सिरसटांवर, अर्जुनरावांवर, कुणावरच एक अक्षर लिहायचं नाही. तिला त्याच गावात राहायचं होतं. सुग्रीवनं दात-ओठ खात कबूल केलं.

ते महिने त्याला फार जड गेले. कधी साहेब रजेवर, कधी नकाशा जुळत नाही, कधी अर्जुनरावांचा वकील तारीख मागून घेई. ओव्हाळ गप्प झाला म्हणजे पाकीट पोचलं, असं वस्तीवस्तीत बोललं जाऊ लागलं. सिरसटांची माणसं ते हसत हसत पसरवत होती. सगळा राग तो घरात काढायचा. वैतागून सत्यशीलानं त्याला सांगितलं, ओरडायचंच असेल तर स्वयंपाकघरात ओरडा, कुकरच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही.

जाऊ उन्हाळ्यात गेली. निकाल तेव्हाही आला नव्हता. ओढ्याला पाणी नव्हतं, एवढंच काय ते बरं.

शेवटी आदेश निघाला. पोलीस बंदोबस्तात कुंपण निघालं. त्याच सकाळी सिरसट झेंडे, हार आणि स्वतःचा भलामोठा फोटो असलेला बॅनर घेऊन हजर झाले. आपल्या संघर्षाला यश आलं, असं त्यांनी माईकवरून जाहीर केलं. सुग्रीवचं नाव कुणी घेतलं नाही. तो स्टेजकडं निघालाच होता, पण भिवराबाई आडवी आली.

“आता लिवा तुमी,” ती म्हणाली. “कुनाचं नाव सोडू नका. पन आदी चला, वाट बघून घ्या.”

तिच्या पाठोपाठ वस्तीतल्या बाया निघाल्या. सुग्रीव आणि सत्यशीलाही निघाले. मागं भाषण चालूच होतं. आदेशात रुंदी जास्त होती, तहसीलवाल्यांनी बैलगाडीपुरतीही सोडली नाही, असं सुग्रीव चालता चालता कुरकुरत होता. सत्यशीलानं त्याला आधी चाला म्हणून सांगितलं. भिवराबाई तोवर पुढं स्मशानात पोचली होती आणि रामहरीला जिथं पोचवलं होतं तिथलं गवत हातानं उपटत बसली होती.