मांडीचे माप

सभागृहातल्या वजनकाट्यापुढे सकाळी सातपासून रांग लागे आणि आकड्यागणिक टाळ्या पडत. साठी ओलांडलेली दीडशे माणसे सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास गादीच्या खुर्च्यांत निश्चल बसत, आणि महिनाअखेर खरोखरच हलकी होत.

"हललात तर चरबी सावध होते!" आसनगुरू गर्जे. "बसा. तिला वाटतं, घरात कुणी नाही. मग तीही बिऱ्हाड हलवते."

या अगाध शास्त्राला प्रश्न कोण विचारणार? त्यासाठी उठावे लागते, आणि उठणे वर्ज्य! दूध, अंडी, कडधान्येही वर्ज्य. सर्वांत शेवटी मोजफीत वर्ज्य: "फीत मोह वाढवते."

ही शेवटची अट शिंप्याला खुपली. चाळीस वर्षे तो फितीवर जगला होता. पण खरा काटा निराळाच होता. त्याची थोरली बहीण रोज सतरा पायऱ्या चढून दुकानात डबा आणी. सहा महिन्यांच्या साधनेनंतर ती तिसऱ्या पायरीवरूनच हाक मारू लागली होती.

"ताई, तुझे पाय चाललेत."

"पाय नव्हे, दोन किलो गेले! जळतोस मेल्या. स्वतःचं पोट बघ."

"माझं पोट माझ्याबरोबर सतरा पायऱ्या चढतं."

त्याच आठवड्यात सभागृहातले चौदावे गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन आले: विजार कंबरेत सैल करा, मांडीत आवळा. शिंप्याने मापांची वही उघडली. चौदाही जणांचे तेच. ताईची कंबर इंचभर वाढलेली, मांडी दीड इंच उतरलेली. पुढच्या पानावर खुद्द गुरूचे माप होते. ते वाचून तो वही घेऊनच सभागृहात गेला.

"वजन घटलं की नाही?" गुरूने विचारले. "काटा खोटं बोलतो?"

"काटा खरंच बोलतो. पण किती गेलं तेवढंच सांगतो. काय गेलं ते फीत सांगते. बसून बसून मांड्यांचं मांस झडलं, गुरुजी. चरबी कंबरेला मुक्कामी आहे."

"शिंप्यानं कापड पाहावं, देह नव्हे!"

"कापडच पाहतो. तुमच्या नव्या विजारीची मांडी अर्धा इंच वाढवावी लागली. ती बसून वाढली?"

मागच्या रांगेतून दूधवाला हसला. "बसतात कुठे? रोज पहाटे टेकडीवर पळताना दिसतात की!"

"आता सगळ्यांनी हात न टेकता उठून दाखवा," शिंपी म्हणाला.

दीडशे खुर्च्या करकरल्या. उठले अकरा. ताई दोनदा अर्धी उठली आणि दोनदा मागे कोसळली. तिने भावाकडे पाहिले. तिने नुसता हात पुढे केला.

गुरू दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेला. पळण्याचा सराव त्याला होताच. ताईने मात्र तीच खुर्ची घरी आणली. सकाळ-संध्याकाळ ती हात न टेकता तिच्यावरून दहादा उठते. परवा तिची हाक चौदाव्या पायरीवरून आली.

वाचकहो, कुणी आकडा नाचवून चमत्कार सांगू लागला, तर तो आकडा नेमका कशाचा, हे विचारा. त्याला विद्वत्ता लागत नाही. हातभर फीत लागते, आणि उठून विचारण्याइतके पाय.