फाटकाचे हात

रंगारी लोक रंगाच्या थराला थर म्हणत नाहीत, हात म्हणतात. एक हात दिला, दोन हात दिले. त्यामुळे ताईंच्या फाटकासमोर फतकल मारून बसलेली रंगारीण जेव्हा म्हणाली, "ताई, याच्यावर बरेच हात पडलेत हो," तेव्हा तिच्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

फाटक जाड पत्र्याचं होतं. कडांना गंज फुगला होता, रंगाला पोपडे सुटले होते.

"मुळापर्यंत खरवड," ताई म्हणाल्या. त्यांचा सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. "अर्धवट काम मला चालत नाही."

"मग छडी घेऊनच बसा," रंगारीण हसली.

तिने बाहेरच्या अंगाला रंग काढायचं औषध फासलं. थोड्या वेळाने राखाडी रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. खरवडायची पत्ती सारली, तशी लांबलचक साल निघाली. तिच्या खालीही राखाडीच रंग होता, आणि त्यात एक पंजा उमटला होता. डावा, रुंद, पोक्त माणसाचा. करंगळी तेवढी बाहेरच्या बाजूला वाकडी.

"हा कुणाचा चावटपणा?"

ताई पायरीवर वाटाणे सोलत होत्या. "पोरांचा, आणखी कुणाचा? दर खेपेला रंगारी सकाळी येऊन ओरडायचा, ओल्या रंगाला कुणी हात लावला म्हणून. मग वरून आणखी एक हात फिरवायचा."

रंगारिणीने पंजा खरवडून टाकला. खाली निळा रंग लागला. त्याचीही वरची साल निघाली आणि खाली पुन्हा पंजा. हाही डावाच, पण जरा कमी रुंद. करंगळी वाकडी.

मग हिरवा रंग. त्यातला पंजा सडपातळ होता, विशीतल्या पोराचा असावा तसा. मग तपकिरी. त्यातला पंजा आणखी लहान, आणि चांगला वीतभर खाली. आपण गुणगुणत होतो ते गाणं कधी बंद पडलं, हे रंगारिणीला कळलंही नाही. गल्लीतली पोरं बदलतात. मग करंगळी का बदलत नाही?

"ताई, जरा इकडे येता का?"

"आता काय झालं?"

"हे चार रंग चार वेळचे ना? वर्षावर्षांच्या अंतराने दिलेले?"

"दहा-बारा वर्षं तरी जायची मध्ये."

"मग हा एकच माणूस आहे. मी खाली खाली जाते, तसा तो लहान होतोय. करंगळी बघा."

ताई उठल्या. मांडीवरच्या शेंगा पायरीवर सांडल्या. तपकिरी पंजासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "डावीच आहे ना गं?"

"डावीच."

"माझ्या धाकट्या भावाची. दारात चेंगरली होती," ताई म्हणाल्या. "सहा वर्षांचा होता. बाबांनी फाटक पिवळं रंगवलं आणि यानं नको नको म्हणताना ओल्या रंगात हात उमटवला. मी दहा वर्षांची. मी त्याला बाहेर ढकललं, आतून कडी घातली. म्हटलं, राहा आता बाहेरच. थोडा वेळ फाटक वाजवत होता. मग थांबला. मला वाटलं, रुसला. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही."

"आणि कडीचं कुणाला सांगितलंत?"

"साठ वर्षं झाली. आज तुला सांगितलं."

तपकिरी रंगाखाली पिवळा निघाला. त्यातला पंजा कमरेच्याही खाली होता. रंगारिणीला गुडघे टेकावे लागले. पिवळ्या रंगाच्या भेगांतून गंज डोकावत होता.

"ताई, एवढा ठेवू? पण खाली गंज आहे. आज ना उद्या पत्र्याला भोक पडेल."

ताईंनी त्या पंजाशेजारी आपला तळवा टेकवला. त्यावर नाही, शेजारी. मग हळूच म्हणाल्या, "रंग दिला की दर वेळी कडी घालायचो आम्ही. कुणाचा धक्का लागू नये म्हणून."

रंगारिणीने पत्ती उचलली, पण टेकवली नाही.

"काढ," ताई म्हणाल्या. "मुळापर्यंत म्हटलं होतं ना मी."

आतली बाजूही तिने खरवडली. तिथे पंजा एकही नव्हता. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. पत्रा स्वच्छ उघडा झाला. उघडं लोखंड तसंच ठेवलं तर पुन्हा गंजतं, म्हणून ऊन उतरायच्या आत तिने दोन्ही बाजूंना रेड ऑक्साइडचा पहिला हात दिला. सामान आवरलं आणि निघताना सवयीने सांगितलं, "कडी घालून घ्या हं आतून."

"आज कडी नाही," ताई म्हणाल्या.

सकाळी ती दुसरा हात द्यायला आली, तर फाटक आतून बंद. बाहेरची बाजू तिने वरपासून खालपर्यंत निरखली. रंग नितळ होता, बोटाचाही डाग नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"ताई! अहो, शेवटी घातलीत ना कडी?"

कडी सरकली. ताई कालच्याच साडीत होत्या, डोळे रात्रभर जागल्यासारखे. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली आणि फाटकाच्या आतल्या बाजूकडे बोट दाखवलं.

कडीच्या शेजारी, लाल रंगात, पंजा होता. म्हाताऱ्या माणसाचा, सुरकुत्यांसकट उमटलेला. डावा. करंगळी वाकडी. आत आल्यावर कुणी मागे वळून फाटक लोटावं आणि कडी घालावी, अगदी तसा.

"अगं बाई!" रंगारीण ओरडलीच.

"हळू बोल गं," ताई कुजबुजल्या. "फार दमून आलाय. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."