निळं म्हणजे पुढे

निळं दाबलं की पुढे जायचं, एवढा एकच नियम मी दवाखान्याच्या वेबसाइटला घातला होता. बाकी कुठे निळा ठिपकासुद्धा नको, असं आमच्या साहेबांना दहादा बजावलं होतं. पण ऐकतील तर ते साहेब कसले! तिसऱ्या पानावर त्यांनी शोभेला भलंमोठं निळं फूल चिकटवलं आणि बटण केलं गुलाबी.

“सारखं तेच बघून लोक कंटाळतात गं,” म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

त्याच दुपारी त्यांच्या आई ऑफिसात आल्या. त्यांना डोळे तपासून घ्यायचे होते. साहेबांनी मोठ्या कौतुकाने त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि वेबसाइटवरून वेळ ठरवायला सांगितलं. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर आजी फुलावर टिचक्या मारत बसल्या. फूल ढिम्म हलेना.

“मलाच मेलीला जमत नाही,” म्हणून त्यांनी माउस सोडला. “तूच कर बाबा.”

साहेबांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच हळू आवाजात म्हणाले, “बदल ते.”

मी फूल उडवलं, बटण निळं केलं. आजी पुन्हा पहिल्यापासून बसल्या. तिसरं पान येताच साहेबांचा हात मदतीला पुढे सरसावला. आजींनी तो फटकन बाजूला सारला.

“हात काढ. कळलंय मला.” त्यांनी निळं दाबलं. वेळ ठरली. मग चष्म्यावरून लेकाकडे बघत म्हणाल्या, “तुझेही डोळे दाखवायचेत का रे? लगे हाथ तुझीही वेळ घेते.”