टोपीच्या पोटातलं बाविसावं प्रकरण

थांबा मित्रांनो, माझ्यावर बसू नका! मी स्टूल नाही. मी टोपीची पेटी आहे. जुनी, गोल, पुठ्ठ्याची आणि अजूनही जांभळ्या फितीत मिरवणारी!

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, एका लहानशा गावात ओझेला टिब्सनं मला विकत आणलं. दिवसभर ती गोऱ्यांच्या घरचे कपडे धुवायची आणि संध्याकाळी कादंबरी लिहायची. ती गेली आणि गाव तिचं नाव विसरलं. माझ्यातली तिची पिवळी टोपी मात्र कुणी विसरलं नाही. टोपीच तशी! ती चर्चमध्ये शिरली की मागच्या तीन बाकांना पाद्री दिसायचा नाही.

पुढे मी तिच्या भाचीच्या, मिस वर्निसच्या कपाटावर चढले. तिथे दरवर्षी यायची प्राध्यापिका डेल्फीन. अकरा वर्षं वणवण करून तिनं ओझेलाच्या कादंबरीची एकवीस प्रकरणं जमवली होती. शेवटचं बाविसावं काही सापडेना.

"मिस वर्निस, तुमच्या मावशीचे कागद कुठे असतील?"

"कागद? चिटोरासुद्धा नाही. केक खा."

डेल्फीननं पलंगाखाली पाहिलं, पिठाच्या डब्यात पाहिलं. मला मात्र हात नाही! आमच्याकडे बाईच्या टोपीला हात लावणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. मी वरून नुसती तळमळायची.

शेवटी ठरलं, सोमवारी पुस्तक शेवटाविनाच छापायला जाणार. आदल्या दिवशी ईस्टर होता, आणि ईस्टरला आमच्याकडे बाई टोपीशिवाय चर्चची पायरी चढत नाही. डेल्फीन दारात आली, ती उघड्या डोक्यानं!

"अगं ए शहाणे! अशी बसणार माझ्या शेजारी, पहिल्या बाकावर?" मिस वर्निस कडाडल्या. त्यांनी मला खाली ओढलं, डेल्फीनसाठी टोपी काढली आणि तिच्यात कोंबलेले कागदाचे बोळे पलंगावर फेकले.

एक बोळा उलगडला. निळी शाई. 'प्रकरण बाविसावं.'

डेल्फीननं बाकीचे बोळे भराभर उलगडले. रडत होती की हसत होती, मला कळेना.

"हे होय! मावशी गेली तेव्हा हाताशी होते ते मीच कोंबले," मिस वर्निस म्हणाल्या. "पण तू नेलेस तर टोपी चेपेल की गं!"

डेल्फीननं पिशवीतून स्वतःचा शोधनिबंध काढला. "हा कोंबा. चौतीस पानं आहेत."

"अगं, तुझी मेहनत ना ती?"

"मेहनत तिच्यासाठीच होती. आणि विद्यापीठात कुणी उघडलेला नाही. नवाकोरा आहे."

पुस्तक छापून आलं, बाविसाव्या प्रकरणासकट! मिस वर्निसनी ते अख्ख्या चर्चला वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी पिवळी टोपी हातात धरली, म्हणजे मागच्यांनाही दिसावं.

मित्रांनो, कागद चुरगळण्याआधी एकदा वाचून बघा, त्यात कुणाचा तरी अख्खा जन्म असतो. आणि इकडे आलात तर माझं झाकण जरूर उघडा. डेल्फीनची चौतीस पानं अजून माझ्या पोटात आहेत. मिस वर्निसना विचारा मात्र. टोपीला परस्पर हात लावू नका!